जांभळा दगड आणि त्याचं कोंदण

नागपुरात इतवारीच्या सराफा ओळीत ॲमेथिस्टची अंगठी घडवायला टाकली की बिलात एक गंमत दिसते. खडा दोन-तीन कॅरेटचा असतो, रंग पिकल्या जांभळासारखा असतो, पण बिलातला मोठा आकडा त्या खड्याचा नसतो. तो सोन्याचा असतो, आणि त्याच्या खालोखाल घडणावळीचा. ज्याच्यासाठी एवढा सगळा खटाटोप, तो दगडच त्या अंगठीतली स्वस्त वस्तू ठरतो.

हे कायम असं नव्हतं. अठराव्या शतकापर्यंत युरोपात हा दगड माणिक, पाचू, नीलम यांच्या पंगतीला बसत होता. आपल्याकडे मात्र तो त्या पंगतीत कधी नव्हताच. माणिक, मोती, पोवळं, पाचू, पुष्कराज, हिरा, नीलम, गोमेद, लसण्या ही आपली नवरत्नं. या यादीत जांभळा खडा शोधून सापडत नाही. आज दुकानात तो कटेला किंवा जमुनिया या नावानं मिळतो आणि ज्योतिषी तो नीलमचं उपरत्न म्हणून सांगतात. थोडक्यात, नीलम परवडत नसेल तर हा घ्या. एकाच दगडाला एका मुलखात राजमुकुटात जागा आणि दुसऱ्या मुलखात बदली खेळाडूची, असं का झालं असेल? माझं उत्तर सरळ आहे: जे पायाखाली सापडतं त्याला कुणी रत्न म्हणत नाही. त्याचे मणी करतात.

बेसा हे नागपूरच्या दक्षिण कडेचं गाव. काल-परवापर्यंत शेतांचं, आता लेआउटचं आणि फ्लॅट स्कीमचं. इथल्या कुणी साखरपुड्याच्या अंगठीसाठी मोबाइलवर ॲमेथिस्ट शोधला तर पडद्यावर ब्राझील येतं, उरुग्वे येतं, झांबिया येतं. पण दगडातून दागिना कसा झाला, या गोष्टीतलं एक मोठं पान बेसाहून गाडीनं तासाभराच्या आत आहे. दक्षिणेला बुटीबोरीच्या बाजूला टाकळघाट आणि शहर ओलांडून वायव्येला काटोल रोडच्या अंगाला माहुरझरी. तिकडे जायच्या आधी दगडाची थोडी ओळख करून घेऊ.

महाराष्ट्राचा बराचसा भाग ज्या काळ्या खडकावर बसला आहे तो बेसाल्ट साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. सीताबर्डीची टेकडी त्याचीच. नागपूर या काळ्या पठाराच्या पूर्वेच्या काठावर आहे. शहराच्या पूर्वेला गेलं की खडक बदलतो आणि फार जुना नाइस लागतो. लाव्हा थिजताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले आणि खडकात पोकळ्या राहिल्या. पुढे लाखो वर्षं पाणी झिरपत राहिलं आणि त्यातली सिलिका या पोकळ्यांच्या भिंतींवर साचत गेली. थरांनी साचली तर अकीक झाला. टोकदार स्फटिक होऊन वाढली तर क्वार्ट्झ. त्या क्वार्ट्झमध्ये लोहाचा अंश शिरला आणि आसपासच्या खडकातल्या नैसर्गिक किरणोत्साराचा त्याच्यावर परिणाम झाला, की तो जांभळा होतो. तोच ॲमेथिस्ट. जळगाव, छत्रपती संभाजीनगर, नाशिक, पुणे या पट्ट्यात खडीच्या खाणीत किंवा विहीर खणताना अशी पोकळी फुटते आणि आत जांभळी दातेरी गुहा दिसते. तिचे तुकडे आज जगभरच्या खनिजसंग्राहकांकडे आहेत. त्यातले दागिन्याच्या कामाचे थोडेच. स्फटिक सहसा लहान असतात, आणि रंग टोकाशी गडद, बुडाकडे फिका.

इथे एक जोडगोळी लक्षात ठेवण्यासारखी आहे. विदर्भाच्या जुन्या मण्यांमधला लाडका दगड म्हणजे कार्नेलियन, तांबूस-नारिंगी अकीक. तोही सिलिकाच, त्याचंही रंगद्रव्य लोहच. पण कार्नेलियन मंद आचेत भाजला की त्याचा मळकट पिवळेपणा जाऊन तो लाल होतो. ॲमेथिस्ट चारशे-पाचशे अंशांपर्यंत तापवला तर जांभळा रंगच उडतो आणि दगड पिवळा किंवा करडा पडतो. बाजारात ‘सिट्रिन’ किंवा ‘सुनेला’ म्हणून मिळणारे बहुतेक पिवळे खडे असे भाजलेले ॲमेथिस्टच असतात. एकाच घरातले दोन भाऊ. एकाला आग घडवते, दुसऱ्याला पुसून टाकते. कारागिराच्या हाताला हा फरक ठाऊक असावाच लागतो, आणि पुढे कोंदणाची गोष्ट येईल तेव्हा तो पुन्हा उपयोगी पडेल.

आता टाकळघाट. स्टीफन हिस्लॉप हा स्कॉटिश मिशनरी १८४५ मध्ये नागपुरात आला. शाळा काढली, गोंडी गाणी आणि कथा लिहून घेतल्या, आणि उरलेल्या वेळात दगड फोडले. रॉबर्ट हंटर या सहकाऱ्याबरोबर त्यानं नागपूर परिसराच्या भूरचनेवर आणि जीवाश्मांवर जे लिहिलं त्याची दखल लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीनं घेतली. एका हिरवट कॅल्साइटला ‘हिस्लोपाइट’ हे नाव त्याच्यावरून पडलं. हिस्लॉप कॉलेजही त्याच्याच नावानं आहे, हे नागपूरकरांना सांगायला नको. त्याला कुतूहल होतं ते गावोगावच्या माळावर दिसणाऱ्या दगडी वर्तुळांचंही. मोठमोठे धोंडे गोलात मांडलेले, मध्ये माती-मुरमाचा उंचवटा. हे काय आहे, कुणी केलं, गावात कुणालाच सांगता येत नव्हतं. ४ सप्टेंबर १८६३ रोजी तो टाकळघाटची वर्तुळं पाहायला गेला. मध्य प्रांताचे चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल त्या दौऱ्यात होते. घोड्यावरून एकटा परतताना वाटेत ओढ्याला पूर आला होता. हिस्लॉप त्यात बुडाला. त्याचे राहिलेले कागद टेंपलनं १८६६ मध्ये छापून काढले. ज्या वर्षी हिस्लॉप गेला त्याच वर्षी नागपूरचं मध्यवर्ती संग्रहालय, म्हणजे आपला अजब बंगला, सुरू झालं.

पुढे रिव्हेट-कार्नॅक या अधिकाऱ्यानं काटोल रोडवरच्या जुनापाणीची वर्तुळं खणली आणि १८७९ मध्ये त्यांच्यावर लिहिलं. एकट्या जुनापाणीत अशी तीनशेच्या आसपास वर्तुळं आहेत. ही दफनं आहेत, लोखंड वापरणाऱ्या लोकांची, इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकातली, हे चित्र स्पष्ट व्हायला अजून शंभर वर्षं लागली. ते काम केलं नागपूर विद्यापीठाच्या शां. भा. देव यांनी. टाकळघाट-खापा १९६८-६९ मध्ये, माहुरझरी १९७० ते ७२ मध्ये. माहुरझरीच्या वर्तुळांत लोखंडी हत्यारं निघाली, घोड्यांचे सांगाडे निघाले, आणि त्या घोड्यांच्या तोंडावर घालायचे तांब्याचे दागिने. पण माहुरझरीचं खरं वेगळेपण मण्यांत आहे. २००० नंतर डेक्कन कॉलेजच्या आर. के. मोहंती यांनी तिथल्या वस्तीच्या जागेत पुन्हा खणलं तेव्हा नुसते तयार मणी नाही, तर मणी करण्याची सगळी पायरी सापडली: कच्चा दगड, ठोकून काढलेल्या कपच्या, अर्धवट घडलेले मणी, भोक पाडताना तुटलेले मणी. हे गाव मणी विकत घेणारं नव्हतं, करणारं होतं. दफनं थांबली तरी काम थांबलं नाही. रामटेकजवळच्या नंदिवर्धनातून, म्हणजे आजच्या नगरधनातून, वाकाटक राज्य करत होते त्या काळापर्यंत इथे मणी घडत होते.

माझ्या मते पुराणवस्तूंमध्ये तुटका मणी तयार मण्यापेक्षा जास्त बोलका असतो. तयार मणी आपली श्रीमंती सांगतो. तुटक्या मण्यात कारागिराची दुपार असते.

त्या दुपारी काय होत असेल ते खंभातच्या अकीक कारागिरांकडे पाहून बरंच कळतं, कारण तिथे ही जुनी पद्धत विसाव्या शतकापर्यंत चालत आली. जमिनीत एक लोखंडी टोकदार सळई तिरपी रोवतात. दगड तिच्या टोकावर टेकवतात आणि वरून म्हशीच्या शिंगाच्या हातोडीनं ठोकतात. शिंगाचा मार मऊ असतो, कपची मात्र खालच्या लोखंडी टोकावर सुटते. असं ठोकत ठोकत मण्याचा ओबडधोबड आकार येतो. मग घासणं, मग भोक, मग झिलई. अवघड टप्पा भोकाचा. क्वार्ट्झची कठिणता ७. लोखंडाची साधी सळई त्यावर घसरते. इसवी सनापूर्वीच्या काही शतकांत भारतीय मणिकारांनी यावर तोड काढली: सुताराकडे असतो तसा धनुकलीनं फिरवायचा सामता, आणि त्याच्या बारीक टोकावर हिऱ्याच्या दोन कण्या. हिरा विदर्भाला परका नव्हता. आजच्या गडचिरोली जिल्ह्यातल्या वैरागडच्या हिऱ्याच्या खाणीचा उल्लेख पुढे ऐन-ए-अकबरीतही येतो. भोक एका बाजूनं अर्ध्यापर्यंत पाडायचं, मणी उलटा करायचा आणि दुसऱ्या बाजूनं येऊन मध्ये गाठायचं. एकाच बाजूनं आरपार गेलं तर निघताना पलीकडची कड फुटते. जुन्या मण्याचं भोक भिंगाखाली धरलं की मध्यावर हलकीशी पायरी दिसते, दोन वाटा जिथे भेटल्या तिथे.

अकीक आणि कार्नेलियन या कामाला सोशीक. त्यांच्यात सिलिकाचे अतिसूक्ष्म धागे एकमेकांत गुंतलेले असतात, त्यामुळे दगड चिवट असतो. ॲमेथिस्ट म्हणजे अखंड स्फटिक. तो काचेसारखा फुटतो, आतली एखादी बारीक चीर सामत्याच्या धक्क्यानं पसरते. तरीही त्याचे मणी झाले. तक्षशिलेत झाले, पुदुच्चेरीजवळच्या अरिकमेडूत सापडले, तमिळनाडूतल्या कोडुमणलमध्ये मण्यांच्या कारखान्याच्या जागेवर सापडले. अंगठी आणि पंजे यायच्या कितीतरी आधी दगड अंगावर धरून ठेवायचा उपाय एकच होता, आणि तो म्हणजे भोक. भोक म्हणजे दगडाच्या आतलं कोंदण.

मण्यांच्या अभ्यासात एक मराठी नाव आवर्जून घ्यावं लागतं, मोरेश्वर गंगाधर दीक्षित. भारतातल्या नक्षीदार कार्नेलियन मण्यांवर त्यांचं इंग्रजी पुस्तक डेक्कन कॉलेजनं १९४९ मध्ये काढलं. अमरावती जिल्ह्यातल्या कौंडिण्यपुरात त्यांनी उत्खनन केलं, पुढे भारतीय काचेचा इतिहासही लिहिला. ज्या वस्तूंना लोक ‘किरकोळ सापडलं’ या सदरात टाकतात त्यांच्यावर हा माणूस आयुष्यभर बसून राहिला.

हा माल जात कुठे होता? पहिल्या शतकातल्या एका ग्रीक खलाशानं लिहिलेल्या ‘पेरिप्लस’मध्ये पैठण आणि तेर या दोन बाजारपेठा येतात. पैठणहून गाड्यांतून भडोचच्या बंदराला अकीकाच्या जातीचा दगड मोठ्या प्रमाणात उतरतो, असं तो नोंदवतो. त्याच शतकात रोममध्ये प्लिनी आपल्या ज्ञानकोशाचा शेवटचा, रत्नांचा भाग लिहीत होता. जांभळ्या दगडांमध्ये पहिला मान भारतीय ॲमेथिस्टला, असं तो स्पष्ट सांगतो. फिनिशियन जांभळ्या रंगाशी त्याची तुलना करतो आणि खोदकामाला हा दगड सोपा असल्याचंही नोंदवतो. तो जांभळा रंग समुद्री गोगलगायींपासून काढत आणि रोममध्ये तो राजेशाहीचा रंग होता. म्हणजे इथल्या माळावरचा दगड तिथे सम्राटाच्या वस्त्राशी तोलला जात होता.

ॲमेथिस्ट या शब्दाचा ग्रीक अर्थ ‘न झिंगलेला’. हा दगड जवळ असला की दारू चढत नाही, अशी समजूत होती. प्लिनीनं ती तेव्हाच मांत्रिकांची थाप म्हणून मोडीत काढली. इन्स्टाग्रामवर या दगडाबरोबर फिरणारी एक गोष्ट तुम्ही पाहिली असेल: मद्यदेव बॅकस एका मुलीच्या मागे लागतो, देवी तिला पांढरा दगड करते, तो पश्चात्तापानं त्यावर वाइन ओततो आणि दगड जांभळा होतो. ‘प्राचीन ग्रीक दंतकथा’ म्हणून ती खपते. ती ग्रीक नाही आणि प्राचीनही नाही. रेमी बेलो या फ्रेंच कवीनं १५७६ मध्ये ती रचली. दगडाला जुनेपण चिकटवणं किती सोपं असतं याचा हा नमुना.

दुसरा नमुना जास्त जवळचा आहे. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये ‘दिल्ली पर्पल सफायर’ नावाचा खडा आहे. नावात सफायर, म्हणजे नीलम; वस्तू मात्र ॲमेथिस्ट. आणि दिल्लीशीही त्याचा संबंध नाही, कारण त्याचीच कथा त्याला कानपूरचा म्हणते. ही कथा सांगितली एडवर्ड हेरॉन-ॲलन यानं १९०४ मध्ये, खड्याबरोबर ठेवलेल्या एका पत्रात. १८५७ च्या उठावात कानपूरच्या इंद्राच्या देवळातून हा खडा लुटला गेला, फेरिस नावाच्या कर्नलनं तो इंग्लंडला आणला, तेव्हापासून ज्याच्याकडे गेला त्याचं वाटोळं झालं. हेरॉन-ॲलन म्हणतो, मी तो कालव्यात फेकला, तीन महिन्यांनी गाळ काढणाऱ्याकडून एका दुकानदारानं विकत घेऊन मला परत आणून दिला. शेवटी त्यानं तो सात पेट्यांत बंद करून बँकेत ठेवला. १९४३ मध्ये तो वारला आणि पुढच्याच जानेवारीत त्याच्या मुलीनं खडा म्युझियमला देऊन टाकला.

वाचायला झकास. पण इंद्राची देवळं आपल्याकडे दिवा घेऊन शोधावी लागतात. ऋग्वेदातला हा राजा पुढे पुराणांत चेष्टेचा विषय झाला, त्याला देऊळ बांधून रोज आरती कोण करणार? कथेचा पाय इथेच घसरतो. हेरॉन-ॲलन हा व्हायोलिन बनवण्यावर पुस्तक लिहिणारा, सूक्ष्म सागरी जीवांचा अभ्यास करणारा, फारसी जाणणारा हरहुन्नरी गृहस्थ होता आणि टोपणनावानं कथाही लिहायचा. १९२१ मध्ये त्याच्या कथासंग्रहाचं नाव काय होतं? ‘द पर्पल सफायर’. शापाची गोष्ट त्या कथेला वजन यावं म्हणून रंगवली, असा संशय घ्यायला भरपूर जागा आहे.

शाप खोटा असेल, लूट मात्र खरी होती, आणि तिचं उदाहरण शोधायला कानपूरला जायची गरज नाही. ११ डिसेंबर १८५३ रोजी नागपूरचे तिसरे रघुजी भोसले औरस वारस नसताना वारले. डलहौसीनं पुढच्या वर्षी राज्य खालसा केलं. राजवाड्यातले हत्ती, घोडे, बैल सीताबर्डीत लिलावाला निघाले आणि जवाहीर कलकत्त्याला विक्रीसाठी पाठवलं. वृद्ध बाकाबाईंनी विरोध केला, काही उपयोग झाला नाही. असा दागिना बाजारात गेला की पुढे काय होतं ते कुठलाही सराफ सांगेल. सोनं आटवतात, खडे सुटे करून विकतात. सुट्या खड्याला गाव राहत नाही. त्याचा पैलू पुन्हा पाडला तर चेहराही राहत नाही. म्हणून तर कानपूरच्या खड्याला कुणी दिल्लीचा म्हणतं, ॲमेथिस्टला नीलम म्हणतं आणि इंद्राचं देऊळ बांधून देतं. कोंदणातच तो दागिना कुठल्या पेठेत, कुठल्या पद्धतीनं, कुणाच्या ऐपतीनं झाला ते लिहिलेलं असतं. आपण आणेवारीत सोनं मोजतो आणि ते पान भट्टीत टाकतो.

मग हा दगड स्वस्त कसा झाला? उत्तर एका जर्मन गावात आहे. इडार-ओबरश्टाइन इथले लोक शतकानुशतकं स्थानिक अकीक घासून पोट भरत. ओढ्याच्या पाण्यावर फिरणाऱ्या मोठ्या दगडी चाकांसमोर कारागीर पालथे झोपून, पोटावर भार देऊन खडा चाकाला दाबत. गावचा अकीक संपत आला तेव्हा काही जण ब्राझीलला गेले आणि १८२०-३० च्या सुमारास त्यांना दक्षिण ब्राझीलमध्ये रियो ग्रांदे दो सूलच्या बेसाल्टात अकीक आणि ॲमेथिस्टचं भांडारच सापडलं. तो खडकही आपल्यासारखाच लाव्हाचा, पोकळ्या मात्र कुठे कुठे माणूस उभा राहील एवढ्या. जहाजं भरून माल युरोपात आला. तिसऱ्या जॉर्जची राणी शार्लट हिच्या ॲमेथिस्टच्या हाराची किंमत तिच्या काळी दोन हजार पौंड होती आणि नंतर त्याला शंभरही आले नसते, असं एकोणिसाव्या शतकातल्या रत्नांच्या पुस्तकांत सांगतात. आकडा तंतोतंत असो नसो, पडझड खरी होती. दगड तोच होता, रंग तोच होता. फक्त तो दुर्मीळ राहिला नाही.

१९७० च्या दशकात दुसरा धक्का आला. क्वार्ट्झ पोलादी भांड्यात, उष्ण पाण्यात, प्रचंड दाबाखाली वाढवायचं तंत्र आधीच तयार होतं, कारण रेडिओ आणि घड्याळांना ते लागत होतं. सोव्हिएत प्रयोगशाळांनी त्यात लोह घातलं, वाढलेल्या स्फटिकावर किरणोत्साराचा मारा केला आणि जांभळा ॲमेथिस्ट कारखान्यात पिकवला. ही काच नव्हे. हा रासायनिकदृष्ट्या, कठिणतेनं, वजनानं खरा क्वार्ट्झच. काचेचा खडा भिंगाखाली आतल्या गोल बुडबुड्यांवरून पकडता येतो. याला तसं पकडता येत नाही. नैसर्गिक स्फटिकात रंगाचे कोनी पट्टे असतात आणि ध्रुवीय प्रकाशात स्फटिकाच्या जोडवाढीची नक्षी दिसते, पण तीही चांगल्या कृत्रिम खड्यांत आणता येते. खात्रीसाठी प्रयोगशाळेत अवरक्त किरणांची तपासणी लागते आणि लहान खड्याच्या बाबतीत तिचा खर्च खड्याहून जास्त होऊ शकतो. म्हणून बाजारात बहुतेक वेळा कुणी तपासतच नाही. ‘नॅचरल आहे ना?’ ‘हो, नॅचरलच.’ व्यवहार एवढ्यावर उरकतो.

तेव्हा दुकानात खडा बघताना ट्यूबलाइटखाली भुलू नका. पांढऱ्या कागदावर पालथा ठेवून दाराशी दिवसाच्या उजेडात न्या. रंग एका कोपऱ्यात गोळा झालाय का, पट्टे आहेत का, बघा. पट्टे असले म्हणून खडा वाईट नाही. चांगला पैलूकार रंगाचा भाग तळाशी ठेवतो आणि वरून सगळा खडा जांभळा भासतो. संध्याकाळच्या पिवळ्या दिव्यात काही खडे तपकिरी होतात आणि काही लालसर उमलतात, दुसरे घ्या. मोठा, निर्दोष, एकसारखा गडद आणि तरी फार स्वस्त खडा असेल तर सर्टिफिकेट मागा. आणि रत्तीच्या हट्टापायी रंग सोडू नका. सव्वापाच रत्तीचा मळका खडा बोटावर मळकाच दिसतो.

त्या रत्तीच्या हिशोबानं कोंदणाचीही दिशा बदलली आहे. जुन्या कुंदनकामात दागिन्याच्या घरात लाख भरतात, तिच्यावर चकचकीत वर्ख ठेवतात, कारागीर त्याला डांक म्हणतात, त्यावर खडा आणि कडेनं शुद्ध सोन्याची पातळ पट्टी निव्वळ दाबून बसवतात. पाठ पूर्ण बंद. खड्याला उजेड खालून मिळत नाही, वर्खावरून परततो; फिका खडाही त्यात उजळतो. सोनं इतकं शुद्ध की ते थंड असतानाच एकमेकांत बसतं, खड्याला आच लागत नाही. ॲमेथिस्टसारख्या आगीला भिणाऱ्या दगडाला याहून सुरक्षित घर नाही. आज ज्योतिषी सांगतात की खडा बोटाच्या कातडीला टेकला पाहिजे. त्यामुळे शनीच्या अंगठ्या पाठीनं उघड्या होतात. पाश्चात्त्य पंजाचं कोंदणही उघडंच, पण वेगळ्या कारणानं: पैलूंना चहूबाजूंनी उजेड हवा म्हणून. एकाच उघड्या पाठीमागे दोन वेगळ्या श्रद्धा.

रोज वापरायची अंगठी असेल तर माझं मत कडेनं पट्टी असलेल्या बंद काठाच्या कोंदणाला. पंज्यात खडा जास्त चमकतो हे खरं, पण त्याच्या कडा उघड्या राहतात आणि ॲमेथिस्ट काचेसारखा टवका सोडतो. शिवाय आपल्या धुळीत क्वार्ट्झचेच कण असतात. वर्षभर स्कूटीवर मनीषनगर ते सीताबर्डी केलं की पैलूंच्या धारा बोथटतात. नागपूरच्या पंचेचाळीस अंशांनी रंगाला काही होत नाही. वर्षानुवर्षं थेट उन्हात, गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवला तर काही खड्यांचा रंग हळूहळू फिका पडू शकतो.

खडा घासणाऱ्याचा हात कुणी विचारत नाही. आपल्याकडचे बहुतेक रंगीत खडे जयपुरात पैलू पाडून येतात, अकीक खंभातहून. क्वार्ट्झ कोरडा घासला की सिलिकाची धूळ उडते, ती फुफ्फुसात बसते आणि सिलिकोसिस होतो. खंभातच्या अकीक कामगारांत हा आजार डॉक्टरांनी वारंवार नोंदवला आहे. त्यावर औषध नाही. पाणी सोडून घासलं आणि धूळ खेचणारा पंखा लावला तर टळतो, पण घरातल्या ओसरीवर घासणाऱ्याकडे दोन्ही नसतं. माहुरझरीच्या त्या तुटक्या मण्यांभोवतीही अशीच धूळ उडत असणार.

अंगठी घडताना खडा सगळ्यात शेवटी बसतो. सोन्याची कडी जुळवायची, झाळायची, कोंदणाची वाटी तिच्यावर झाळायची, तापलेलं सगळं थंड होऊ द्यायचं, मग उजाळा, आणि मग खडा. कारागीर खडा मेणाच्या काडीच्या टोकावर चिकटवून वाटीत ठेवतो, काठ समोरासमोर चार ठिकाणी हलके दाबतो, डोळ्यापाशी नेऊन वाकडा बसला नाही ना ते बघतो, आणि मग गोल फिरत काठ मिटवतो. पुढे कधी अंगठी घट्ट झाली आणि वाढवायची वेळ आली तर सोनाराला आधी एवढंच सांगा: खडा काढून मगच आच द्या.